योग्य स्क्रू ड्रायव्हर निवडायचा कसा आणि स्क्रूचं डोकं न बिघडवता वापरायचा कसा

दाराची बिजागरी ढिली झाली, खुर्चीचा पाय हलायला लागला, लॅपटॉपचा पंखा साफ करायचाय, असं काहीही निघालं की आपण हाताला लागेल तो स्क्रू ड्रायव्हर उचलतो आणि कामाला लागतो. तो सरकतो, आपण आणखी जोर लावतो, परत सरकतो, आणि बघता बघता स्क्रूच्या डोक्यात नुसता गोल खड्डा उरतो. मग तो स्क्रू काढायला दुपार जाते. नवीन माणसाला वाटतं आपल्या हातात जोर कमी पडला, पण जोराचा प्रश्न क्वचितच असतो, टोक चुकीचं असतं किंवा खाचेत पूर्ण बसलेलं नसतं. टोक खाचेत तळापर्यंत बसलं पाहिजे आणि फिरवताना बसलेलंच राहिलं पाहिजे, खाली जे काही लिहिलंय ते सगळं एवढ्यासाठीच आहे.

सुरुवातीला जवळ काय असावं

एकदम पन्नास-साठ तुकड्यांचा सेट घ्यायची गरज नाही, त्यातले निम्मे कधी डबीतून बाहेरच येत नाहीत, आणि स्वस्त सेटमध्ये नेमकी रोज लागणारी टोकंच मऊ लोखंडाची निघतात. त्यापेक्षा थोडे घ्या पण चांगले घ्या.

- प्लस ड्रायव्हर दोन: पीएच १ आणि पीएच २ (पीएच म्हणजे फिलिप्स, आकडा म्हणजे साइज). घरातली बरीचशी कामं पीएच २ वर होतात, म्हणून तो सगळ्यात चांगला घ्या
- पोझिड्रिवचा एक, पीझेड २ (हा काय प्रकार आहे ते खाली येतंय)
- चपटे दोन, एक साधारण ४ मिमी रुंद आणि एक ६ मिमीच्या आसपास
- चांदणीसारख्या खाचेसाठी टॉर्क्स टी-१० ते टी-३० आणि षटकोनी खाचेसाठी ॲलन कीचा मिलिमीटरमधला सेट
- फोन, लॅपटॉप, चष्मा यांच्यासाठी बारीक टोकांचा वेगळा सेट
- गंज सोडवणारं पातळ तेल, जुना टूथब्रश, एक टोच्या किंवा जाड सुई
- रुंद रबरबँड, लॉक होणारी पक्कड, आणि डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा

विकत घेताना दांडीवर किंवा टोकावर साइज कोरलेली आहे का बघा. साइज न लिहिलेला ड्रायव्हर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पुढे प्रत्येक वेळी अंदाज करत बसावं लागतं. स्टील क्रोम व्हॅनेडियम किंवा बिट (मुठीत बसवायचं सुटं टोक) असेल तर एस२ असं लिहिलेलं असेल तर साधारण ठीक.

१. आधी स्क्रूचं डोकं नीट बघा आणि साफ करा

ही पायरी जवळजवळ सगळे सोडतात. जुन्या स्क्रूच्या खाचेत रंग, वॉर्निश, धूळ, ग्रीस असं काहीतरी बसलेलं असतं, त्यामुळे बरोबर साइजचा ड्रायव्हरसुद्धा अर्धाच आत जातो आणि वरच्या वर धरतो. टोच्याने खाचेचे कोपरे कोरून काढा, ब्रश मारा, मोबाईलचा टॉर्च लावून तळ दिसतोय का बघा. रंगवलेल्या बिजागरीवर तर डोक्याच्या कडेनेही ब्लेडने एक गोल रेघ मारून घ्या, म्हणजे स्क्रू फिरताना रंगाचा पापुद्रा आख्खा निघून येणार नाही.

२. खाच कुठली आहे ते ओळखा

इथे थोडा वेळ द्या, कारण सगळी गडबड इथेच होते.

चपटी खाच, म्हणजे ज्याला आपण मायनस म्हणतो, ती सगळ्यात जुनी आणि ओळखायला सोपी. तिची अडचण एकच, ड्रायव्हर बाजूला सरकू शकतो, त्याला मध्यावर धरून ठेवणारं काहीच नसतं. म्हणून यात मशीन (विजेवर किंवा बॅटरीवर फिरणारा ड्रायव्हर) कधीच वापरू नका, हातानेच.

प्लस दिसणारी खाच मात्र फसवी आहे, कारण प्लस दिसणारे किमान तीन प्रकार आहेत आणि लोक तिन्हींना एकाच ड्रायव्हरने खोलायला जातात.

पहिला फिलिप्स. हेन्री फिलिप्स यांना १९३६ मध्ये अमेरिकेत याची पेटंट मिळाली आणि मोटारींच्या कारखान्यांनी तो लगेच उचलला, कारण चपट्यासारखं टोक इकडेतिकडे शोधावं लागत नाही, मशीनचं टोक आपोआप मध्यावर बसतं. पण त्याच्या खाचेच्या भिंती तिरप्या असतात, खाली निमुळत्या होत जातात. त्यामुळे फिरवायचा जोर वाढला की ड्रायव्हर आपोआप वर उचलला जातो. हा 'वर उचलला जाणं' प्रकार लक्षात ठेवा, फिलिप्समध्ये दाबून धरायला का सांगतात त्याचं कारण हेच.

दुसरा पोझिड्रिव, ज्याच्यावर पीझेड लिहिलेलं असतं. स्क्रूच्या डोक्याकडे बघितलं तर मुख्य प्लसच्या मधल्या कोनांत चार बारीक रेघा दिसतात, म्हणजे मोठ्या फुलीवर एक बारीक फुली तिरकी काढलेली. याच्या भिंती जवळजवळ सरळ असतात म्हणून तो कमी सरकतो. लाकडाचे स्क्रू, पेटीतून सुटं येणारं जोडायचं फर्निचर, कपाटांच्या बिजागऱ्या आणि बऱ्याच एमसीबीच्या (बोर्डातल्या विजेच्या संरक्षक स्विचच्या) टर्मिनलमध्ये हा असतो. यात फिलिप्सचा ड्रायव्हर घातला तर जातो, पण आत खुळखुळतो, आणि थोडा जोर लागला की खाच खाऊन टाकतो. उलट पीझेडचा ड्रायव्हर फिलिप्सच्या स्क्रूत तळापर्यंत बसतच नाही, त्याच्या मधल्या बारीक कडा अडतात. एमसीबीच्या टर्मिनलला अनेकदा प्लस आणि मायनस दोन्ही एकत्र असलेली खाच असते, तिथे चपट्याने काम भागतं पण पीझेड २ ने पकड जास्त चांगली मिळते.

तिसरा जपानी, म्हणजे जेआयएस. जपानी मोटरसायकली, कॅमेरे, जुनी इलेक्ट्रॉनिक्स यांत सापडतो. दिसायला हुबेहूब फिलिप्स, फक्त डोक्यावर बऱ्याचदा एक छोटा ठिपका असतो. साधा फिलिप्स ड्रायव्हर याच्या तळाला टेकत नाही, किंचित वर राहतो, आणि मग जुन्या बाइकच्या इंजिन कव्हरचे स्क्रू एका झटक्यात खराब होतात आणि लोक म्हणतात जपानी स्क्रू मऊ असतात. मऊ वगैरे काही नाही, टोक चुकीचं होतं. जपानी मशीनवर सतत काम करणार असाल तर जेआयएसचा दोन नंबर वेगळा घ्याच, तो साध्या फिलिप्समध्येही बऱ्यापैकी चालतो.

आता बाकीचे पटकन. सहा टोकांची चांदणी म्हणजे टॉर्क्स, १९६७ साली आला, सरळ भिंतींचा असल्यामुळे वर उचलला जात नाही आणि माझ्या मते नवीन कामाला स्क्रू स्वतः निवडायचे असतील तर हाच घ्यावा. चांदणीच्या मध्यभागी छोटी कांडी उभी असेल तर तो सुरक्षा टॉर्क्स, त्याला टोकाला भोक असलेला बिट लागतो, आणि तो भोकाचा बिट साध्या टॉर्क्समध्येही चालतो, तेव्हा सेट घेताना भोकाचाच घ्या. आयफोनच्या तळाशी पाच पाकळ्यांची खाच असते, तिला टॉर्क्स समजून काही घुसवू नका, पाकळ्या आधी मोजा. षटकोनी खाच म्हणजे ॲलन. चौकोनी खाच म्हणजे रॉबर्टसन, कॅनडात फार चालते, बाकी ठिकाणी क्वचित दिसते.

३. साइज: जो बसतो तो नाही, जो हलत नाही तो

नियम साधा आहे. खाचेत पूर्ण बसणारा सगळ्यात मोठा ड्रायव्हर घ्यायचा. लहान ड्रायव्हर मोठ्या खाचेत सहज जातो म्हणूनच लोक फसतात, आत गेला म्हणजे बसला असं नसतं.

प्लससाठी अंदाज असा: चष्मा, घड्याळ, फोन यांना पीएच ०००  किंवा ००, लॅपटॉपच्या तळाला पीएच ० किंवा ००, बॅटरीच्या झाकणाला किंवा लहान उपकरणाला पीएच १, साधारण ३.५ ते ५ मिमी जाडीच्या स्क्रूला पीएच २, आणि ६ मिमीच्या पुढे पीएच ३. हे पाठ करायची गरज नाही, खालची परीक्षा पाठ करा.

सुटा स्क्रू हाताशी असेल तर ड्रायव्हर आडवा धरा, टोकावर स्क्रू चढवा आणि हात सोडा. चुंबक नसलेल्या टोकावरही बरोबर साइजचा स्क्रू बहुतेक वेळा तसाच आडवा टिकून राहतो किंवा अगदी हळू झुकतो, चुकीच्या साइजचा लगेच मान टाकतो. स्क्रू आधीच बसलेला असेल तर ड्रायव्हर खाचेत ठेवा, जोर न लावता बोटांनी डावीकडे-उजवीकडे किंचित हलवा. हाताला खुळखुळ जाणवली, म्हणजे टोक हलतंय पण स्क्रू हलत नाहीये, तर साइज किंवा प्रकार चुकलाय. एक नंबर मोठा लावून बघा, मग पीझेड लावून बघा, मग ठरवा. या दहा सेकंदांनी पुढचे दोन तास वाचतात.

चपट्यात दोन मापं बघायची, रुंदी आणि जाडी. रुंदी खाचेच्या लांबीइतकी हवी, बाहेर आली तर आजूबाजूचा पत्रा किंवा लाकूड खरवडणार आणि कमी असली तर खाचेची कड वाकणार. जाडी तर लोक बघतच नाहीत, पण तीच महत्त्वाची, टोक खाचेत घट्ट भरलं पाहिजे. पाचरीसारखं निमुळतं टोक फक्त खाचेच्या वरच्या कडांना धरतं, म्हणून जुनं पितळी सामान, घड्याळं, कॅमेरे यांच्यावर काम करणारे लोक समांतर बाजूंची टोकं वापरतात.

ॲलनमध्ये सापळा वेगळा आहे, मिमी आणि इंच. ५ मिमीच्या खाचेत ३/१६ इंची की आत जाते, पण ती असते ४.७६ मिमीची, म्हणजे जवळपास पाव मिमी मोकळी, आणि एवढ्यात षटकोनाचे कोपरे गोल होतात. टॉर्क्समध्ये टी-९ आणि टी-१०, टी-२५ आणि टी-२७ अशा शेजारच्या जोड्या हमखास गोंधळ करतात, मोठा आधी लावून बघा आणि बसला नाही तरच खाली या.

४. मूठ आणि लांबी

जाड मुठीने जास्त पीळ बसतो, म्हणून घट्ट स्क्रूला जाड मूठ आणि नाजूक स्क्रूला बारीक, ज्याचं मागचं टोपण तळहातावर टेकवून नुसत्या बोटांनी फिरवता येतं. लांब दांडीने पीळ वाढत नाही, हा गैरसमज खूप आहे, पण लांब ड्रायव्हर सरळ धरायला सोपा जातो, वाकडा झाला तर लगेच दिसतो. अडचणीच्या जागेसाठी आखूड ठेंगणा ड्रायव्हर. काहींच्या दांडीला मुठीजवळ षटकोनी भाग असतो, तिथे पाना लावून जास्तीचा पीळ देता येतो, जाम स्क्रूसाठी हे फार उपयोगी.

बिटवाला ड्रायव्हर, म्हणजे एक मूठ आणि बदलता येणारी टोकं, जागा वाचवतो. मोठ्या बिटची मागची षटकोनी बाजू पाव इंच म्हणजे ६.३५ मिमीची असते आणि बारीक सेटमध्ये ४ मिमीची, दोन्ही एकमेकांत बसत नाहीत हे घेताना लक्षात ठेवा. खोल भोकातल्या स्क्रूपर्यंत मात्र बिट होल्डर जाडीमुळे पोचत नाही, तिथे अखंड दांडीचाच लागतो.

५. वीज असेल तिथे आधी हे

विजेच्या कामाला मेन किंवा त्या सर्किटचा एमसीबी बंद करा, दुसरं कुणी चालू करणार नाही याची सोय करा, आणि मग मल्टिमीटरने तपासा. मीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून तो चालतोय याची खात्री करा, मग बंद केलेल्या ठिकाणी, मग परत चालू ठिकाणी. दिवा पेटणाऱ्या टेस्टर-ड्रायव्हरवर विसंबू नका. दिवा नाही पेटला म्हणजे वीज नाही असा अर्थ होत नाही, कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं, रबरी चप्पल घातली किंवा भरपूर उजेड असला तरी तो दिसत नाही. आणि त्या टेस्टरने घट्ट स्क्रू पिळू नका, आतली काच-प्लास्टिक त्यासाठी बनवलेलं नसतं.

प्लास्टिकची मूठ आहे म्हणजे शॉक लागणार नाही, हाही गैरसमज. विजेच्या कामाच्या ड्रायव्हरची दांडी टोकापर्यंत इन्सुलेशनने झाकलेली असते आणि त्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्टचा उल्लेख असतो, आयईसी ६०९०० हे त्याचं मानक. त्या आवरणाला चीर गेली, वितळल्याचा डाग पडला की तो साधा ड्रायव्हर झाला, विजेच्या कामातून बाद. हा ड्रायव्हर असला तरी काम वीज बंद करूनच करायचं, तो चुकून राहिलेल्या विजेसाठी आहे.

मायक्रोवेव्ह ओव्हनचं कव्हर तर घरी उघडूच नका. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर जीवघेणा चार्ज धरून ठेवू शकतो.

६. स्क्रू काढायचा कसा

वस्तू टेबलावर किंवा व्हाइसमध्ये पक्की ठेवा. एका तळहातात वस्तू धरून दुसऱ्या हाताने त्याच दिशेने ड्रायव्हर दाबायचा, हे कधीही करू नका, सरकला की टोक थेट हातात जातं. दुसरा हात टोकाच्या रेषेच्या बाहेर ठेवा.

ड्रायव्हर खाचेत ठेवा आणि दोन बाजूंनी बघा, समोरून आणि कडेने, स्क्रूच्या अगदी सरळ रेषेत आहे ना. फक्त समोरून बघितलं तर पुढे-मागे झुकलेला कळत नाही. मग आधी दाबा आणि मग फिरवा. फिलिप्स घट्ट असेल तर जास्त ताकद दाबण्यात आणि कमी ताकद फिरवण्यात गेली पाहिजे, हाताला ते सुरुवातीला उलटं वाटतं. खांदा मुठीच्या मागे आणा, शरीराचं वजन दांडीवर येऊ द्या, आणि मनगटाने सावकाश पीळ वाढवत न्या.

जुना स्क्रू आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवून बघा, अगदी जरासा. गंजाची किंवा रंगाची पकड तुटल्याचा बारीक 'टक्' ऐकू येतो आणि मग तो उलटा सहज फिरतो.

आणि आता सगळ्यात कामाची सूचना. पहिल्यांदा टोक सरकलं की थांबा. तिथेच थांबा, परत प्रयत्न करू नका. खाचेजवळ उजेड आणून बघा, कडेवर चमकणारा धातूचा बारीक कीस निघालेला दिसेल, म्हणजे खाच खायला सुरुवात झाली. आत्ता तुमच्याकडे अजून सगळे उपाय शिल्लक आहेत. अजून पाच-सहा वेळा सरकू दिलात तर यातले निम्मे उपाय संपतात.

दिशेचं म्हणाल तर डावीकडे सैल, उजवीकडे घट्ट, पण अपवाद असतात. सायकलचं डावं पेडल, बऱ्याच टेबल फॅनच्या पात्याची टोपी, ड्रिलच्या चकच्या आतला स्क्रू, हे उलट्या आट्यांचे असतात. फिरणाऱ्या भागाच्या मध्यावरचा स्क्रू हलत नसेल तर जोर वाढवायच्या आधी ही शंका घ्या.

लॅपटॉप किंवा फोनमध्ये स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो आतल्या बोर्डात घुसतो. कागदावर त्या वस्तूचा चौकोन काढा आणि जिथून जो स्क्रू निघाला त्याच जागी कागदावर चिकटपट्टीने लावा. वाटीत सगळे एकत्र टाकू नका.

७. जाम झालेला स्क्रू

क्रमाने जा, घाई नको.

गंजाचं तेल सोडा आणि वाट बघा, पंधरा मिनिटं तरी, जमलं तर रात्रभर. तेल मारून लगेच पिळलं तर तेलाचा उपयोग शून्य, उलट खाच निसरडी होते, म्हणून पिळायच्या आधी खाच फडक्याने पुसून घ्या. लाकडात तेल वापरू नका, डाग पडतो आणि उपयोगही फारसा नाही.

मग ठोका. खाचेत टोक बसवून मुठीच्या मागे हातोडीचे दोन-तीन नेमके ठोके, म्हणजे आट्यांमधला गंज सुटतो आणि टोकही खोल बसतं. यासाठी अख्खी दांडी मुठीतून मागेपर्यंत आलेला ठोक्याचा ड्रायव्हर हवा, साध्याची प्लास्टिक मूठ फुटते. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो, ठोका मारला की तो त्याच क्षणी दाबतोही आणि फिरवतोही, जुन्या बाइकच्या कामाला याला पर्याय नाही. इलेक्ट्रॉनिक्सवर आणि ठिसूळ प्लास्टिकवर ठोकाठोकी अजिबात नाही, आणि ठोकताना चष्मा लावा.

बारीक स्क्रूला आट्यांवर निळं किंवा लाल औषध लावलेलं असू शकतं, स्क्रू कंपनाने सुटू नये म्हणून. निळं सहसा हाताच्या जोराने सुटतं, लालला उष्णता लागते. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवून ठेवलं की औषध मऊ पडतं आणि मग गरम असतानाच स्क्रू फिरवायचा. बॅटरीच्या जवळ हे करायचं नाही, आधी बॅटरी काढा.

८. डोकं गेलंच असेल तर

थोडंच गेलं असेल तर रुंद रबरबँड खाचेवर ताणून धरा आणि त्याच्यावरून ड्रायव्हर दाबा, रबर मोकळ्या जागेत भरतं आणि कधी कधी तेवढ्याने निघतो. कधी कधीच, यूट्यूबवर दिसतं तितकं नाही. टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली तर त्यातल्या खरखरीत कणांमुळे पकड वाढते, हा उपाय मला रबरबँडपेक्षा भरवशाचा वाटतो.

डोकं वर आलेलं असेल तर लॉक होणाऱ्या पक्कडीने कडेने धरा आणि फिरवा, हे सगळ्यात सोपं. डोक्याला जाडी असेल तर हॅकसॉच्या पात्याने नवीन सरळ खाच पाडा आणि चपटा ड्रायव्हर लावा. गोल झालेल्या ॲलनमध्ये किंचित मोठा टॉर्क्सचा बिट ठोकून बसवता येतो, पण तो बिट नंतर निघेलच असं नाही.

शेवटी एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे बिघडलेला स्क्रू आतून धरून काढायचं हत्यार. मध्यावर पंचने खूण, मग बारीक भोक, मग उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर हळू हळू. एक्स्ट्रॅक्टर कडक पण ठिसूळ असतो, आत तुटला तर साध्या ड्रिलने त्याला भोक पडत नाही आणि प्रकरण फारच अवघड होतं, त्यामुळे वाकडा जोर देऊ नका. कधी नुसतं डोकं ड्रिलने उडवून वस्तू वेगळी करणं आणि उरलेली दांडी पक्कडीने काढणं हेच शहाणपणाचं असतं.

९. स्क्रू लावताना

लाकडात आधी भोक पाडा. ४ मिमीच्या स्क्रूला मऊ लाकडात २ ते २.५ मिमी आणि कडक लाकडात ३ मिमीच्या जवळपास. भोक न पाडता कडेजवळ स्क्रू मारला की लाकूड चिरतं, आणि कडक लाकडात स्क्रूचं डोकंच तुटून पडतं. आट्यांना मेणबत्तीचं मेण घासा, किती हलका जातो बघा. साबण लावू नका, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. पितळी स्क्रू मऊ असतात, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडून घ्या, तो काढा, मग पितळी लावा.

प्लास्टिकमध्ये स्क्रू परत लावताना एक छोटी युक्ती आहे जी प्रत्येकाला माहीत असायला हवी. स्क्रू भोकावर ठेवा, हलकंसं दाबा आणि आधी उलटा फिरवा. एका ठिकाणी स्क्रू किंचित खाली पडल्याचं बोटांना जाणवतं, एक बारीक खट. तिथे जुने आटे सुरू होतात. तिथून सुलटा फिरवलात तर स्क्रू आपल्या जुन्याच वाटेने जातो. हे न करता तसाच पिळला तर तो नवीन आटे कापतो आणि दोन-तीन वेळा उघडबंद झालं की भोक मोकळं होऊन जातं.

पहिले चार-पाच फेरे बोटांनीच जायला हवेत. सुरुवातीलाच जोर लागतोय म्हणजे स्क्रू तिरका गेलाय, काढा आणि परत लावा. कव्हरला चार-सहा स्क्रू असतील तर सगळे आधी सैल बसवा आणि मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, एकच कोपरा पूर्ण घट्ट केलात तर शेवटची भोकं जुळत नाहीत. डोकं टेकल्यावर प्लास्टिकमध्ये जेमतेम पाव फेरा. पीळ अचानक हलका लागला तर आटे गेले समजा.

१०. मशीन वापरणार असाल तर

क्लच रिंगवरचा (ठरलेला पीळ आला की फिरवणं सोडून देणाऱ्या कडीवरचा) लहान आकडा लावून सुरू करा आणि स्क्रू पूर्ण बसेपर्यंत एकेक वाढवा. रिंगवर ड्रिलचं चित्र असेल तिथे क्लच काम करत नाही, त्या जागी ठेवून स्क्रू मारू नका. स्पीड कमी, दाब भरपूर, आणि शेवटचे दोन फेरे हाताने. इलेक्ट्रॉनिक्स, पितळ आणि चपट्या खाचेला मशीन नाही.

११. टोकं सांभाळायची कशी

ड्रायव्हरने डबे उघडणं, खिळे उचकटणं, पटाशीसारखं ठोकणं बंद करा, त्यासाठी एखादा जुना बाद झालेला वेगळा ठेवा आणि त्याच्यावर रंगाची खूण करा म्हणजे चुकून हातात येणार नाही. टोकाला चुंबक असणं सोयीचं असतं, पण यांत्रिक घड्याळाच्या कामाला बिनचुंबकाचा घ्या.

प्लसच्या टोकाच्या कडा उजेडात बघा. कडा गोल झाल्या असतील किंवा पंख पिळल्यासारखे दिसत असतील तर तो टाकून द्या, प्लस घासून नीट होत नाही आणि झिजलेलं टोक प्रत्येक चांगल्या स्क्रूचं डोकं खातं. चपटा मात्र दुरुस्त होतो. व्हाइसमध्ये धरून बारीक कानशीने टोक आधी सरळ सपाट करा, मग दोन्ही बाजू सारख्या घासा, टोकाला धार येऊ द्यायची नाही. ग्राइंडर वापरायचाच असेल तर क्षणभर टेकवा, पाण्यात बुडवा, परत टेकवा. स्टील निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला, तेवढा निळा भाग पूर्ण घासून काढून मागच्या चांगल्या स्टीलवर नवीन टोक करावं लागतं.